साक्षीदार आणि छायाचित्रकार

विवाहसंस्कारास वधूवरांखेरीज कोणाकोणाची उपस्थिती अवश्य आहे, असे एखाद्या जुन्या शास्त्रीबोवांस विचारले असते, तर त्यांनी कन्यादाता, पुरोहित, अग्नी आणि आशीर्वाद देणारी वडीलधारी मंडळी एवढीच नावे सांगितली असती. आज तोच प्रश्न घरातील तरुण मंडळींस विचारून पाहावा. पहिले नाव फोटोग्राफराचे निघेल. भटजींस यावयास थोडा उशीर झाला तर कार्य अडत नाही, कारण मंडळी चहा घेत बसतात. परंतु फोटोग्राफर आला नाही तर हार हातात धरून वधूवर तसेच उभे राहतात, आणि घटिका भरली तरी अक्षता पडत नाहीत. आमच्या ओळखीच्या एका घरी सप्तपदीच्या चौथ्या पावलावर वधूस थांबविण्यात आले व ‘पहिल्यापासून पुन्हा चाला, उजेड नीट नव्हता’ अशी आज्ञा झाली. आज्ञा देणारा पुरोहित नव्हता, हे सांगावयास नकोच.

या गोष्टीवर त्रागा करणे सोपे आहे, आणि आमच्या वयाच्या माणसांस तो शोभतोही. पण त्राग्याने प्रश्न सुटत नाही. लग्नाची छबी ठेवू नये काय? ठेवावी. मग ती विधीस धक्का न लावता कशी ठेवावी? आणि मुळात कोणासाठी ठेवावी? या प्रश्नांचा विचार आपल्याच मांडवात बसून केला तर भांडण माजते. म्हणून या महिन्यात आम्ही वाचकांस दुसऱ्या एका मांडवात नेणार आहो. तो मांडव यहुदी लोकांचा आहे. प्राचीन विधी, कडक नियम आणि आधुनिक कॅमेरा यांची गाठ तेथे पडते, आणि त्या गाठीत आपणांस शिकण्याजोगे पुष्कळ आहे.

निमित्त असे घडले. आमच्या हाताखालून गेलेला एक विद्यार्थी पुण्यास फोटोग्राफीचा धंदा करितो. मध्यंतरी तो घरी आला व म्हणाला, “गुरुजी, मुंबईच्या एका बेने इस्राएल कुटुंबातील लग्नाचे काम आले आहे. मंडळी बोलतात अगदी आपल्यासारखी, पण विधी सगळा हिब्रू भाषेत. काय केव्हा होईल याचा मला पत्ता नाही. आपल्याकडे मंगलाष्टके संपत आली की मी सावध होतो. तिथे सावध व्हायचे केव्हा?” आम्ही म्हटले, “कॅमेऱ्यातले आम्हांस काही कळत नाही, बाबा. परंतु प्रत्येक विधीस क्रम असतो, आणि क्रमास कारण असते. तेवढे आपण दोघे मिळून समजून घेऊ.” त्यानंतर ग्रंथालयातून पुस्तके आली, त्या कुटुंबातील वडील मंडळींशी बोलणे झाले, आणि जे हाती लागले ते येथे देत आहो.

प्रथम हे लोक कोण, ते थोडक्यात सांगू. बेने इस्राएल म्हणजे कोकणातील मराठी बोलणारे यहुदी. त्यांच्या परंपरेप्रमाणे अलिबागेजवळ नवगावच्या किनाऱ्यानजीक त्यांच्या पूर्वजांचे गलबत फुटले व सात पुरुष आणि सात स्त्रिया तेवढ्या वाचल्या. पुढे ते खेडोपाडी तेलाचा घाणा चालवू लागले. शनिवारी घाणा बंद ठेवीत, म्हणून शेजाऱ्यांनी त्यांस ‘शनवार तेली’ म्हटले. रोहेकर, पेणकर, दिवेकर, अष्टमकर ही त्यांची आडनावे गावांवरूनच पडलेली आहेत. १७९६ साली सामुएल एझकील दिवेकर यांनी मुंबईत मांडवी भागात त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर बांधले. अलिबागेच्या इस्राएल आळीतील मंदिराची स्थापना १८४८ ची. पुण्याचे प्रसिद्ध ‘लाल देऊळ’ मात्र बगदादी यहुद्यांचे. त्याचे बांधकाम डेव्हिड ससून यांनी सुरू केले व ते १८६७ साली पूर्ण झाले. रास्ता पेठेतील सुक्कथ शलोमो हे १९२१ चे मंदिर बेने इस्राएलांचे होय. १९४८ नंतर यांतील बहुतेक कुटुंबे इस्राएलास गेली. येथे आता थोडकीच उरली असून २०१६ साली महाराष्ट्र शासनाने यहुद्यांस अल्पसंख्य समाजाचा दर्जा दिला.

आता लग्नाकडे वळू. सर्व देशांतील यहुद्यांच्या लग्नाचा गाभा एक आहे, पण त्याभोवतालच्या चाली देशोदेशी निरनिराळ्या आहेत. पूर्व व मध्य युरोपातून पसरलेल्या, ज्यांस अश्केनाझी म्हणतात, त्या शाखेच्या कर्मठ घरांतील लग्न छायाचित्रकारास सर्वांत कठीण. म्हणून त्याचाच क्रम आधी सांगतो.

पहिली अडचण दिवसाची. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारी रात्र पडेपर्यंत शब्बाथ असतो, आणि त्या काळात लग्न लागत नाही. दिवा पेटविणे, लिहिणे इत्यादी ३९ प्रकारची कामे शब्बाथास वर्ज्य आहेत. त्यामुळे त्या दिवशी कर्मठ घरी फोटो काढणेही निषिद्ध होय. लग्न शनिवारी रात्रीचे असेल तर आकाशात तीन तारे दिसल्यावाचून छायाचित्रकारास पेटी उघडता येत नाही. उत्तरेकडील देशांत उन्हाळ्याचा सूर्य फार उशिरा मावळतो, तेव्हा हा नियम त्यास चांगलाच जाणवतो. मंगळवार मात्र शुभ मानितात. कारण सृष्टीच्या उत्पत्तिकथेत तिसऱ्या दिवशी ‘हे चांगले आहे’ असे ईश्वराने दोनदा पाहिल्याचे सांगितले आहे. वल्हांडणापासून पुढच्या सणापर्यंत जे ४९ दिवस मोजतात, त्यांतील बराच काळ व ‘आव’ महिन्याच्या नवमीपूर्वीचे ३ आठवडे लग्नास वर्ज्य असतात. ही नवमी जेरुसलेमच्या मंदिराच्या नाशाचा शोकदिन होय. ज्या घरी चातुर्मास पाळला जातो, तेथील वाचकांस यात नवल वाटणार नाही.

दुसरी अडचण वधूवरांची. कित्येक घरांत लग्नापूर्वी आठवडाभर वधूवर एकमेकांचे तोंड पाहत नाहीत. हल्ली आपल्याकडे लग्नाआधीच बागेत, किल्ल्यावर किंवा समुद्रकाठी जोडप्याचे फोटो काढण्याची टूम निघाली आहे. तिला तेथे वावच नाही. लग्नाच्या दिवशी छायाचित्रकार वधूकडील मंडळींचे फोटो एका खोलीत व वराकडील मंडळींचे दुसऱ्या खोलीत काढितो, आणि दोन्हीकडची घडामोड सांभाळण्यास बहुधा एक सोबती बरोबर ठेवितो. शिवाय वधूवरांचा त्या दिवशी उपवास असतो, कारण विवाहाचा दिवस हा पापक्षालनाचा दिवस मानिला आहे. उपाशी माणसास तासभर उन्हात उभे करून ‘हसा, हसा’ म्हणणे हे शहाणपणाचे लक्षण नव्हे, हे कोणत्याही धर्माच्या फोटोग्राफरास कळले पाहिजे.

नंतर येतो अवगुंठनाचा विधी. वर मित्रांसह गात गात वधू बसली असेल तेथे येतो, तिचे मुख नीट पाहतो, आणि आपल्या हाताने तिच्या मुखावर पडदा ओढतो. याकोबास राहेल द्यावयाची ठरली असता सासऱ्याने अवगुंठनाआड तिची वडील बहीण लेआ उभी केली, ही बायबलातील कथा प्रसिद्ध आहे. तसा घोटाळा पुन्हा होऊ नये म्हणून ही चाल पडली असे सांगतात. आपल्याकडे मुहूर्ताच्या क्षणी अंतरपाट दूर होतो व वधूवर एकमेकांस पाहतात; त्यांच्याकडे आधी पाहणे होते व मग पडदा पडतो. क्रम उलटा, परंतु दृष्टिभेटीचे मोल दोहींकडे सारखेच. या वेळी वधूचा पिता मुलीच्या मस्तकावर हात ठेवून आशीर्वाद देतो. जाणते छायाचित्रकार येथे भिंग पित्याच्या हाताकडे वळवितात, कारण वधूचे मुख आता झाकलेले असते.

त्यानंतर मुख्य विधी हुप्पाखाली होतो. चार काठ्यांवर ताणलेले वस्त्र म्हणजे हुप्पा. तो चारी बाजूंनी मोकळा असतो. अब्राहामाचा तंबू पाहुण्यांसाठी सर्व बाजूंनी उघडा असे, त्याची ही आठवण असे मानितात. वधू वराभोवती सात प्रदक्षिणा घालते. मग द्राक्षरसाच्या प्याल्यावर आशीर्वचने होतात आणि वर वधूस मुदी देतो. ही मुदी साधी, खड्याविण असावी, म्हणजे तिच्या किमतीविषयी वधूची फसगत होऊ नये, असा दंडक आहे. आणि ती उजव्या हाताच्या तर्जनीत घालावयाची असते. युरोपीय ख्रिस्ती लग्ने पाहून तयार झालेला फोटोग्राफर डाव्या हाताकडे डोळा लावून बसतो व जो क्षण टिपावयाचा तोच हुकतो. आमच्या विद्यार्थ्याने ही एक गोष्ट कळल्याबरोबर वहीत दोनदा अधोरेखित केली.

तर्जनीच का? याचे एक कारण असे सांगतात की, तर्जनी पुढे करता येते व त्यामुळे साक्षीदारांस मुदी स्पष्ट दिसते. येथे आम्ही या लेखाच्या मर्मापाशी आलो. यहुदी धर्मशास्त्राप्रमाणे मुदी देण्याच्या कृत्यास दोन साक्षीदार लागतात. ते वधूवरांचे नातलग नसावेत, आणि त्यांनी ते कृत्य प्रत्यक्ष पाहिले पाहिजे. साक्षीदारांनी पाहिले नाही तर विवाह सिद्ध होत नाही. मंडपात पाचशे पाहुणे असोत, सर्वांच्या हाती मोबाईल असोत; त्या दोन माणसांच्या डोळ्यांची जागा कोणतेही यंत्र घेऊ शकत नाही. आता कल्पना करा की, नेमक्या त्याच क्षणी आमचे फोटोग्राफर महाशय चांगली जागा मिळावी म्हणून साक्षीदार आणि वधूवर यांच्यामध्ये घुसले. फोटो सुरेख निघेल, पण ज्याचा फोटो तो विवाहच संशयात पडेल! म्हणून अनेक रब्बी कार्याआधीच छायाचित्रकारास जवळ बोलावून कोठे उभे राहावे, दिव्याचा झोत टाकावा की नाही, जागा बदलावी की नाही, हे स्पष्ट सांगतात. जाणता छायाचित्रकार ते आधीच जाऊन विचारतो.

आपल्याकडेही गोष्ट फारशी निराळी नाही. १९५५ च्या हिंदू विवाह कायद्याने जेथे सप्तपदी हा विधीचा भाग आहे, तेथे सातवे पाऊल पडताच विवाह पूर्ण होतो असे ठरविले आहे. ज्या पावलावर संसाराचे बंधन उभे आहे, ते उजेडासाठी पुन्हा टाकावयास लावणे म्हणजे विधीस नाटकाची तालीम करणे होय.

मुदीनंतर ‘केतुबा’ वाचतात. हा विवाहाचा करारलेख असून तो अरामी भाषेत असतो. पतीने पत्नीचे पालनपोषण कसे करावे, तिची धनाची तजवीज काय, हे त्यात लिहिलेले असते. प्राचीन काळी वाङ्निश्चय व विवाह यांत सुमारे वर्षाचे अंतर असे. पुढे दोन्ही विधी एकाच दिवशी होऊ लागले, आणि त्यांच्यामध्ये हे वाचन आले. मग सात आशीर्वचने होतात. शेवटी कापडात गुंडाळलेला काचेचा प्याला वर पायाखाली फोडतो. इ.स. ७० मध्ये रोमनांनी जेरुसलेमचे मंदिर उद्ध्वस्त केले, त्याचे स्मरण आनंदाच्या शिखरावरही राहावे, हा या कृत्याचा सर्वत्र सांगितला जाणारा अर्थ आहे. प्याला फुटताच ‘मझल तोव’ असा एकच घोष होतो. हा क्षण एकदाच येतो, आणि तो पुन्हा करून दाखवा म्हणणे म्हणजे राष्ट्राच्या शोकाची थट्टा करणे होय. म्हणून छायाचित्रकार आधीच खाली वाकून, पाय व मुख दोन्ही एका चौकटीत येतील असा बसतो व वाट पाहतो. धंद्यातील कसोटी ती हीच.

यानंतर वधूवर एका खोलीत जातात, दार बंद होते, व दोन साक्षीदार बाहेर उभे राहतात. उपवास येथे सुटतो. सर्व गर्दीतून निघून त्या दोघांनी प्रथमच एकांतात घेतलेले ते दोन घास कोणीही पाहावयाचे नसतात. छायाचित्रकाराचे काम दाराबाहेर थांबण्याचे. सर्व काही टिपलेच पाहिजे या आजच्या हव्यासास या एका बंद दाराने फार सुंदर उत्तर दिले आहे असे आम्हांस वाटते. पुढे भोजन व नृत्य होते. कर्मठ घरांत स्त्रीपुरुषांची नृत्ये पडद्याने विभागलेली असतात, आणि स्त्रियांच्या बाजूस फोटो काढण्यासाठी स्त्री छायाचित्रकार लागते. आमच्या भगिनीवर्गापैकी ज्यांस या कलेची आवड असेल, त्यांनी याची नोंद घ्यावी.

कोकणच्या बेने इस्राएलांची रीत याहून अधिक मोकळी व आपणांस अधिक ओळखीची आहे. लग्नाआधी हळद असते, मेंदी असते. शुभकार्यात ‘मलिदा’ करितात. भिजविलेले पोहे, गूळ, ओले खोबरे यांचे ताट, भोवती फळे मांडलेली. आणि एलियाहू हन्नाबी या प्रेषिताचे स्मरण. अलिबागेजवळ खंडाळे गावी एका खडकावर त्याच्या रथाची खूण आहे अशी या लोकांची श्रद्धा आहे. वधू बहुधा पांढरी साडी नेसते. प्रार्थनामंदिराच्या मधोमध ‘तेवा’ म्हणजे वाचनाचा उंच चौथरा असतो. वर तेथे उभा राहून वधूची वाट पाहतो, आणि ती दारातून आत येऊ लागली की स्वतः हिब्रू स्वागतगीत गातो. पुढची आशीर्वचनेही वर स्वतःच म्हणतो. विवाहित स्त्रियांच्या गळ्यात मंगळसूत्र घालण्याची चालही त्यांच्यात पूर्वापार आहे.

आमचा विद्यार्थी लग्नाच्या आधल्या आठवड्यात मंदिर पाहून आला. खिडक्यांतून ऊन केव्हा कोठे पडते, हे त्याने घड्याळ लावून पाहिले, आणि वरच्या स्त्रियांच्या सज्जातून लांबच्या भिंगाने तेवा पुरता दिसतो असे ठरवून चौथऱ्याभोवतीची जागा साक्षीदारांस व घरच्या मंडळींस मोकळी सोडली. वधूच्या आजीबाई तेव्हा तेथे होत्या. त्यांनी त्यास जवळ बोलावून सांगितले, “बाळ, नवरा गायला लागला की तू हलू नकोस हो. महिनाभर पाठ करतोय बिचारा. तुझ्या दिव्याने त्याचा सूर गेला, तर ते काही फोटोत भरून निघणार नाही.” तो म्हणाला, “आजी, दिवा मी आणणारच नाही.” लग्न झाल्यावर त्याने आम्हांस फोटो आणून दाखविले. त्यात दिव्यांचा चकचकाट नव्हता. परंतु दारातून येणारी वधू, चौथऱ्यावर गाणारा वर आणि दोहोंकडे आळीपाळीने पाहणाऱ्या आजीबाई हे सर्व जेथल्या तेथे होते.

त्याच आजीबाईंनी त्यास आणखी एक वस्तू दाखविली. ती त्यांच्या आईवडिलांच्या लग्नातील छबी. स्टुडिओत काढलेली, मागे रंगविलेला पडदा, खुर्चीवर वधूवर, भोवती पंधरा-वीस माणसे. आजीबाईंस त्यांतील नऊ नावे आठवली. बाकीची मंडळी कोण, ते सांगणारे इस्राएलास गेले, व तेथे कालवश झाले. पाठीमागे काही लिहिलेले नव्हते. “इतकी सगळी आपली माणसं,” आजीबाई म्हणाल्या, “आणि हाक कोणत्या नावाने मारायची ते ठाऊक नाही.”

हे ऐकून आम्हांस एका दूरच्या गावाची गोष्ट आठवली. आजच्या लिथुआनियात एशिशोक नावाचे लहानसे गाव आहे. तेथे शतकानुशतके यहुद्यांची वस्ती होती. गावात फोटोग्राफर होते. लग्ने, मुंजीसारखे संस्कार, सहली, शाळा यांच्या छब्या ते काढीत, आणि लोक त्या अमेरिकेस वा पॅलेस्टाइनला गेलेल्या आप्तांस पाठवीत. १९४१ च्या सप्टेंबरच्या २५ व २६ तारखांस नाझींनी व त्यांच्या स्थानिक हस्तकांनी गावातील व आसपासच्या सुमारे ३,५०० यहुद्यांस ठार मारिले. पहिल्या दिवशी पुरुष, दुसऱ्या दिवशी स्त्रिया व मुले. या गावच्या याफा एलियाख या तेव्हा अगदी लहान होत्या. त्या वाचल्या, पुढे अमेरिकेत इतिहासाच्या प्राध्यापिका झाल्या. १९७९ साली पूर्व युरोपातील हत्याकांडाची स्थळे पाहण्यास एक सरकारी मंडळ गेले, त्यात त्या होत्या. प्रेतांच्या राशींची चित्रे जगाने पाहिली आहेत. पण ही माणसे जिवंत असता कशी होती, हे कोण दाखविणार, असा विचार त्यांच्या मनात आला. मग त्यांनी अनेक वर्षे देशोदेशी फिरून, दारोदार जाऊन एशिशोकच्या छब्या गोळा केल्या. त्यांच्या आजी-आजोबांचा व्यवसायच फोटोग्राफीचा होता. वॉशिंग्टन येथे १९९३ साली उघडलेल्या स्मारक-संग्रहालयात त्यांतील सुमारे १,००० छब्या तीन मजले उंच मनोऱ्याच्या भिंतींवर लाविल्या आहेत. वधू आहेत, वर आहेत, खुर्चीवर ताठ बसलेले व्याही आहेत, मांडीवरील मुले आहेत. प्रेक्षक मनोऱ्यातून चालत जातो, आणि त्यास कळते की मारले गेले ते आकडे नव्हते.

ज्या फोटोग्राफरांनी त्या काढिल्या, त्यांस यांतील काही ठाऊक नव्हते. ते आपले रोजचे काम करीत होते. एखाद्या वधूच्या आईने ‘अमेरिकेतल्या मावशीला पाठवायची आहे, नीट काढा’ म्हणून सांगितले असेल, एवढेच. परंतु त्या नीट काढलेल्या व दूर पाठविलेल्या छब्यांमुळेच एक गाव सर्वस्वी पुसले गेले नाही.

आमच्या देशात यहुद्यांवर असा प्रसंग आला नाही, ही समाधानाची गोष्ट होय. कोकणची कुटुंबे पांगली ती छळामुळे नव्हे, तर आपल्या प्राचीन भूमीच्या ओढीने व संसाराच्या आशेने. तिकडेही त्यांस सर्वच सुखाचे गेले नाही. १९६२ साली तेथील मुख्य धर्मपीठाने इतर यहुद्यांशी त्यांचे विवाह नोंदविताना पूर्वजांची चौकशी करावी असा आदेश काढिला; त्याविरुद्ध त्यांनी दीर्घ चळवळ केली, आणि ऑगस्ट १९६४ मध्ये तेथील संसदेने त्यांस सर्व बाबतींत समान मानिले पाहिजे असे ठणकावून सांगितल्यावर तो आदेश बदलला. पिढ्यान्‌पिढ्या शब्बाथ पाळून ज्यांनी घाणा बंद ठेविला, त्यांस आजी-पणजीच्या लग्नाविषयी विचारणा व्हावी, याचे दुःख काय असेल ते वाचकांनीच ताडावे.

आता आपल्या घराकडे येऊ. लग्नाची छबी कोणासाठी, हा प्रश्न आम्ही आरंभी केला होता. पाहुण्यांस दाखविण्यासाठी असेल तर ती त्या आठवड्यापुरती आहे. परंतु जे आज जन्मलेले नाहीत त्यांच्यासाठी ती असेल, तर छायाचित्रकार हाही एका अर्थी साक्षीदारच झाला; आणि साक्षीदाराचा पहिला धर्म असा की, जे घडले ते पाहावे, आपण घडवू नये. ज्याने वधूवरांस चार वेळा हार घालावयास लाविले, त्याच्या छबीत लग्न नसून लग्नाचा देखावा आहे.

यासाठी फार काही करावयास नको. कार्याच्या आधी एक दिवस घरातील कर्त्या पुरुषाने व गृहिणीने पुरोहित आणि छायाचित्रकार या दोघांस एकत्र बसवावे. विधीचा क्रम, त्यांतील न थांबविण्याजोगे क्षण आणि उभे राहण्याच्या जागा ठरवून टाकाव्यात. कन्यादानाच्या वेळी आईवडिलांचे डोळे भरून येतात, पाठवणीपूर्वी मुलगी आजीच्या कुशीत शिरते. यांपैकी कोठे दार बंद ठेवावयाचे, हेही घरच्यांनीच ठरवावे. यहुद्यांच्या त्या बंद खोलीसारखी एखादी खोली प्रत्येक लग्नघरात असावी असे आम्हांस वाटते.

आणि शेवटची गोष्ट सर्वांत सोपी, म्हणूनच सर्वांच्या हातून राहून जाणारी. आपापल्या घरी जुन्या छब्यांची पेटी किंवा डबा असेलच. येत्या सुटीत मुलानातवंडांस जवळ बसवून, घरातील सर्वांत वृद्ध व्यक्तीस मध्ये घेऊन, प्रत्येक छबीच्या पाठीमागे हलक्या हाताने पेन्सिलीने नावे लिहावीत. कोण, कोणाची कोण, कोणत्या गावची, लग्न कोणते, साल कोणते. मोबाईलमधील हजारो छब्यांतून निवडक वीस-पंचवीस कागदावर छापून घ्याव्यात व त्यांवरही नावे घालावीत. एशिशोकच्या मनोऱ्यातील मुखे आज बोलतात, कारण एका बाईने दारोदार फिरून त्यांची नावे विचारली. आपणांस दारोदार जावयाचे नाही. माजघरापर्यंत जावयाचे आहे. तेथे जी आजी किंवा आत्या बसली असेल तिला आज विचारता येते. हे काम पुढच्या सुटीवर टाकू नये.